घासू नका, कापा: घरी बांधायच्या विमानासाठी स्टेनलेसचा पत्रा कापणं आणि त्याला भोकं पाडणं

गेली चार वर्षं माझ्या गॅरेजमध्ये एक दोन आसनी विमान आकार घेतंय. विस्कॉन्सिनमध्ये याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही. हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना, ईएए, १९५३ मध्ये याच राज्यात सुरू झाली आणि तिचं दर जुलैचं संमेलन भरतं ते ऑशकॉश माझ्या घरापासून दोन तासांवर आहे. शेजारच्या आजोबांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, "इंजिन कुठलं बसवणार?" कोल्हापुरात मात्र आईला अजून वाटतं की मी एखादं शोभेचं मॉडेल करतेय. मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये ते बीकेसीच्या प्रदर्शनात उभं केलं, तेव्हा तिचा थोडा विश्वास बसला.

माझं विमान जवळजवळ सगळं अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा म्हणजे गरीब गाय: कात्रीने कापा, ड्रिल लावा, काही तक्रार नाही. दोन वर्षं त्याच सवयीत काढली आणि मग फायरवॉलचा पत्रा हातात आला. इंजिन आणि माणसं यांच्यामधली ही भिंत स्टेनलेसची असते. नशिबाने तुकड्यावर सराव करायची बुद्धी झाली. नवीन कोरा बिट, ड्रिल फुल स्पीडला, हात हलका. पाच सेकंदांत कानठळ्या बसवणारी किंचाळी, थोडा धूर, आणि पत्र्यावर आरशासारखा चकचकीत खळगा. आरपार भोक नाहीच. बिटचं टोक निळं पडलेलं. दुसरा बिट गेला, तिसरा गेला.

आमच्या अण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं फॅब्रिकेशन केलंय. व्हिडिओ कॉल लावून फोन बाकावर उभा केला. त्यांनी दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "अगं, घासाय लागलीस काय त्याला? दाब की! आणि मशीन सावकाश." या लेखात पुढे जे काही आहे ते या एका वाक्याचंच स्पष्टीकरण आहे.

हा पत्रा का चिडतो?

स्वयंपाकघरातल्या भांड्यांपासून फायरवॉलपर्यंत जो ३०४ ग्रेड वापरतात त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. या जातीच्या स्टीलला एक खोड आहे. ते दाबलं, घासलं, वाकवलं की तेवढ्या जागी कडक होतं. लोहार लोखंडाला पाणी देतो ना, तसं जणू त्या जागेला पाणी दिलंय. बोथट बिट किंवा हलका हात असला की बिटची धार पत्र्यात शिरत नाही, वरून नुसती घासते. घासलेला थर कडक होतो, पुढचा फेरा त्या कडक थरावर आणखी घासतो. दोन-चार सेकंदांत बिटपेक्षा पत्रा वरचढ ठरतो.

त्यात उष्णतेची भर. स्टेनलेस अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या मानाने सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहून नेतं. घर्षणाची सगळी उष्णता बिटच्या टोकापाशी अडकते आणि धार उतरते. म्हणजे उपाय चारच: धारदार बिट, कमी फेरे, जोराचा दाब, भरपूर तेल. यातलं एक जरी सोडलं तरी बाकीची तीन वाया जातात.

पत्रा निवडताना

अमेरिकेत लहान विमानांच्या प्रमाणनाच्या जुन्या नियमांत ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी जाडीचं स्टेनलेस वेगळ्या अग्निचाचणीशिवाय चालत असे. बाकी कुठलंही मटेरियल असेल तर त्याने सुमारे ११०० अंश सेल्सिअसची ज्योत १५ मिनिटं थोपवून दाखवायची. घरी बांधलेल्या 'एक्सपेरिमेंटल' विमानाला हा नियम बंधनकारक नाही, पण शहाणे लोक तो पाळतात. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आतच वितळतं, ३०४ तग धरतं ते जवळपास १४०० पर्यंत. म्हणूनच फायरवॉलमधून जाणारे पेट्रोलचे आणि तेलाचे जोडही स्टीलचे घ्यायचे. पत्रा स्टेनलेसचा आणि जोड अ‍ॅल्युमिनियमचा, असं केलंत तर आगीत जोड आधी वितळणार आणि भिंतीला आयती खिडकी मिळणार.

बहुतेक जण ०.०१६ ते ०.०१८ इंचाच्या मध्ये राहतात. गेजवर, म्हणजे जाडीच्या नंबरावर, विसंबू नका. आपल्याकडे २६ गेज म्हटलं की ०.४६ मिमी येतो, अमेरिकेतला २६ गेज स्टेनलेस ०.४८ च्या जवळ जातो. मायक्रोमीटर लावा आणि आकडा मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जाडी वाढवायचा मोह टाळा, कारण ०.४६ मिमीचा एक चौरस मीटर पत्राच साडेतीन किलोंच्या वर भरतो आणि तो सगळा भार विमानाच्या नाकापाशी येतो.

मुंबईत सी. पी. टँकला पत्रा घेताना लोहचुंबक लावून पाहायची पद्धत आहे. चुंबक पक्का चिकटला तर तो ४३० किंवा तसलाच ग्रेड, तो नको. पण चिकटला नाही म्हणून ३०४ च असेल असं नाही. कमी निकेलचं २०१ आणि २०२ सुद्धा चुंबकाला दाद देत नाही. खात्री हवी असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. उलट ३०४ च्या वाकवलेल्या किंवा कापलेल्या कडेला चुंबक किंचित ओढ घेतो, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. कडक झाल्याचीच ती खूण असते.

विमानाचं तयार सुट्या भागांचं किट घेतलं असेल तर फायरवॉल बऱ्याचदा कापून, रिव्हेटची भोकं पाडूनच येते. तरी थ्रॉटलची केबल, बॅटरीची जाड तार, पेट्रोलची नळी, हीटरची झडप यांची भोकं तुमची तुम्हालाच पाडायची असतात. सुटका नाही.

आखणी

आधी पुठ्ठ्याचा साचा. तो विमानावर लावून, इंजिन माउंटच्या बोल्टांपासून सगळी मापं घेऊन, पलीकडून पायडलला काही अडत नाही ना ते पाहून मगच पत्र्याकडे वळायचं. भोक पाडायच्या जागेच्या मागे काय आहे हे न बघता पाडलेलं भोक मी एकदा बुजवलंय. स्टेनलेसचंच ठिगळ, चार रिव्हेट आणि फायर सीलंट. शरमेची गोष्ट आहे, पण रोज दिसते.

पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म काढू नका, तिच्यावरच बारीक मार्करने आखा. अणकुचीदार सुईने ओरखडा काढायचा तो फक्त जिथून पत्रा कापून टाकायचा आहे त्याच रेषेवर. राहणाऱ्या भागावरचा ओरखडा पुढे तड्याची सुरुवात होऊ शकतो. सेंटर पंच अगदी हलका मारा, बिट घसरू नये इतपतच खूण पुरे. हातोडीने दणकून पंच मारलात तर भोक पडायच्या आधीच ती जागा कडक करून ठेवलीत. स्प्रिंगचा ऑटोमॅटिक पंच सर्वांत कमी ताणावर ठेवून वापरते मी.

कापणं

सरळ लांब काप असेल तर घरी कापत बसू नका. जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे शिअरिंग मशीन असतं, अर्ध्या मिनिटात तुम्हाला महिनाभर जमणार नाही असा सरळ काप निघतो.

बाकी कामाला पत्रा कापायच्या कात्र्या. लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. घेताना वेष्टनावर स्टेनलेससाठी किती जाडी दिली आहे ते पाहा, साध्या पत्र्याच्या आकड्यापेक्षा ती कमी असते. पहिल्यांदा रेषेच्या बाहेर तीन-चार मिमी ठेवून कापा, मग रेषेवर दुसरा काप घ्या. दुसऱ्या वेळी उरलेली पट्टी अरुंद असल्याने आपोआप गुंडाळत बाजूला जाते आणि मूळ पत्रा सपाट राहतो. कात्री टोकापर्यंत कधीही मिटू नका. टोक मिटलं की तिथे बारीक आडवा दात पडतो. एक सेंटिमीटर शिल्लक ठेवून पुन्हा पुढे सरकवा.

आतल्या कोपऱ्यात कात्रीने वळायचा प्रयत्न करू नका. आधी कोपऱ्यात तीन मिमीचं भोक पाडा आणि दोन्ही काप त्या भोकात येऊन थांबू द्या. कोपरा टोकदार राहिला की इंजिनच्या थरथरीने तडा तिथूनच निघतो.

ग्राइंडरला एक मिमी जाडीची चकती लावून झटपट काम होतं हे खरं. पण कड निळी-तपकिरी होते, पत्रा पोळतो आणि वेडावाकडा होतो. लावायचीच तर स्टेनलेससाठीची, लोह आणि गंधकविरहित चकती घ्या, आणि जी साध्या लोखंडावर फिरली आहे ती इथे अजिबात नको. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि दोन पावसाळ्यांत, इथे म्हणायचं तर दोन हिवाळ्यांत, त्या जागी गंज दिसतो. मग लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं. हाच नियम तारेच्या ब्रशला आणि कानशीला. स्टेनलेससाठीची कानस वेगळी ठेवा, मुठीला रंग लावा.

निबलर, म्हणजे पत्र्याचे लचके तोडत कापणारं हत्यार, तोही छान चालतो, पण त्यातून नखाच्या आकाराचे चंद्रकोरी तुकडे गॅरेजभर उडतात. ते बुटाच्या तळव्यात रुततात आणि घरातल्या लाकडी जमिनीवर रेघोट्या मारतात. का माहीत आहे ते विचारू नका.

कापलेली कड दाढीच्या पात्यासारखी असते. उचलताना, वळवताना, कानस मारताना जाड हातमोजे घाला.

भोकं

हातमोजे इथे मात्र काढा. फिरणाऱ्या बिटला मोज्याचा धागा सापडला तर तो आख्खा हात ओढतो. चष्मा सक्तीचा.

बिट कोबाल्टचाच. एम३५ मध्ये सुमारे पाच टक्के कोबाल्ट असतं, एम४२ मध्ये आठ. सोनेरी रंगाचा बिट म्हणजे कोबाल्ट नव्हे, तो वरचा मुलामा असतो. टोक १३५ अंशांचं आणि स्प्लिट पॉइंट असावं, म्हणजे ते जागेवर न भटकता लगेच कापायला लागतं. लांबीने आखूड बिट मिळाला तर उत्तम, कारण जोर दिला तरी तो वाकत नाही.

उद्यमनगरात अजून माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे अमेरिकन विमानातला नेहमीचा १/८ इंची रिव्हेट हा आपला एक सुती. त्याला ३० नंबरचा बिट लागतो, ३.२६ मिमीचा. पाऊण सुती रिव्हेटला ४० नंबर, म्हणजे २.४९. अण्णांना हे समजावताना मला अमेरिकन इंच आणि कोल्हापुरी सूत एकाच मुळाचे आहेत हे पहिल्यांदा जाणवलं.

फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. ३,२०० या आकड्याला बिटच्या मिलिमीटरनी भागा, मिनिटाला तेवढे फेरे. ३.३ मिमीला हजाराच्या थोडं खाली, ५ मिमीला साडेसहाशेच्या आसपास, १२ मिमीला अडीचशे-पावणेतीनशे, २५ मिमीला सव्वाशे. अ‍ॅल्युमिनियमवर हात बसलेल्याला हे बैलगाडीसारखं वाटतं. वाटू द्या. बॅटरीच्या ड्रिलला दोन गिअर असतात. बारीक बिटला वरचा गिअर आणि ट्रिगर अर्धा, पाच मिमीच्या वर सरळ खालचा गिअर.

आता प्रत्यक्ष भोक. पत्र्याखाली कठीण लाकडाचा ठोकळा ठेवा आणि दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने आवळा. हाताने धरून भोक पाडायचं नाही. बिट आरपार जाताना पातळ पत्रा बिटवर चढतो आणि पंख्याच्या पात्यासारखा गरगर फिरतो, आणि कड कशी असते ते वर सांगितलंच आहे. पंचाच्या खुणेवर कटिंग ऑइलचा थेंब टाका. बिट खुणेत टेकवा, आधी दाब द्या आणि मगच ट्रिगर ओढा. खांदा ड्रिलच्या रेषेत आणून शरीराचा भार टाका. नुसत्या मनगटाने पुरणार नाही.

आता डोळे किसावर. अखंड, स्प्रिंगसारखा वळत येणारा चांदीच्या रंगाचा कीस दिसला की धार कापतेय. भुकटी आली, कीस निळा पडला किंवा आवाज बारीक होऊन किंचाळायला लागला तर त्याच क्षणी ट्रिगर सोडा. "अजून थोडंसंच राहिलंय" म्हणून रेटत राहणं हीच घोडचूक. मधेच हात सैल करून बिट नुसता फिरता ठेवणं ही त्याची धाकटी बहीण. एक तर कापत राहा, नाहीतर बिट उचलून बाहेर घ्या.

माझ्यासारखा चकचकीत खळगा झालाच तर? त्याच बिटने पुन्हा प्रयत्न करू नका. नवा कोबाल्ट बिट, आणखी कमी फेरे, आणखी जोर. कडक झालेला थर पातळ असतो. धार त्याच्या खाली शिरली की वाट मोकळी. शिरत नसेल तर पत्रा उलटा करून मागच्या बाजूने पाडा. तेही नाही जमलं तर कार्बाइडच्या बरने, म्हणजे ड्रिलला लावायच्या छोट्या फिरत्या कानशीने, तो थर खरवडून काढा.

पातळ पत्र्यात आणखी एक दुखणं म्हणजे भोक तिकोनी होणं. बिटच्या दोन्ही धारा पुऱ्या रुतायच्या आत टोक पलीकडे निघतं, मग बिट डुगडुगतो. खालचा ठोकळा हा त्यावरचा अर्धा इलाज. उरलेला अर्धा म्हणजे आधी बारीक भोक पाडून मग मापाचं पाडणं. पण दुसरा बिट अगदी नखभर मोठा नको. कापायला पुरेसं मटेरियल मिळालं नाही की तो पुन्हा घासतो. पाच-सहा मिमीच्या वर गेलात की साधा बिट सोडून स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा शंकूसारखा बिट, घ्या. ते पातळ पत्र्यासाठीच जन्मलंय आणि भोक गोल गरगरीत येतं. फेरे मात्र सगळ्यात मोठ्या पायरीच्या हिशेबाने.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र धरून भोक पाडायचं असेल तर बिट स्टेनलेसच्या बाजूने घाला. उलट केलंत तर स्टेनलेसचा कठीण कीस वर येताना मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या भोकाला खरवडून मोठं करतो. चार-पाच भोकांनंतर क्लेको, म्हणजे रिव्हेटच्या जागी तात्पुरत्या बसणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, लावून पत्रे जागेवर धरा, सगळी झाली की दोन्ही पत्रे सुटे करून मधला कीस पुसा. हा कंटाळा करणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे पत्रे एकमेकांवर बसत नाहीत.

मोठी भोकं

तारांच्या जुडग्यासाठी, हीटरसाठी पंचवीस ते पन्नास मिमीची भोकं लागतात. त्याला सर्वांत सुबक साधन म्हणजे नॉकआउट पंच: मधे बोल्टपुरतं भोक, एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला डाय, आणि पान्याने आवळत जायचं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. उष्णता नाही, कीस नाही, 'टक्' असा आवाज येतो आणि गोल टिकली हातात पडते. इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणाऱ्यांकडे हा संच असतो, उसना मिळतो. होल सॉ, म्हणजे वाटीसारखी गोल करवत, वापरायचा तर पत्रा दोन प्लायवूडच्या मधे घट्ट धरा आणि अगदी सावकाश, तेल ओतत ओतत.

कडा आणि जोडणी

प्रत्येक भोकाच्या दोन्हीकडच्या कडेला उभी राहिलेली धारदार कोर काढा. फिरत्या पात्याच्या हत्याराने एक-दोन हलके वेढे पुरे. इतक्या पातळ पत्र्याला काउंटरसिंक मारायचा नाही, म्हणजे भोकाचं तोंड उतरतं करायचं नाही, भोकच मोठं होतं. बाहेरच्या कडेला बारीक कानस, मग ४०० नंबरचा पॉलिशपेपर, बोट निर्धास्त फिरेपर्यंत.

स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून ओलाव्यात राहिले की झिजतं अ‍ॅल्युमिनियम. म्हणून जिथे दोन्ही भेटतात तिथे अ‍ॅल्युमिनियमला प्रायमर, आणि सांध्यात आगीला टिकणारं सीलंट. त्याआधी तेलाचा शेवटचा थेंबसुद्धा अ‍ॅसिटोनने पुसून काढा, तेलकट पत्र्यावर सीलंट धरत नाही. गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि आसपास हीटर चालू नको. ईएएचे टेक्निकल कौन्सेलर घरी येऊन काम फुकट तपासून देतात. रिव्हेट मारायच्या आधी त्यांना बोलवा, नंतर बोलावून ते फक्त हळहळू शकतात.

सगळं बसलं, सीलंट वाळलं की एक रात्रीचं काम राहतं. केबिनच्या बाजूला, फायरवॉलला चिकटून एक प्रखर दिवा लावा. गॅरेजमधले बाकीचे दिवे बंद करा आणि इंजिनच्या बाजूला येऊन उभे राहा. जिथून उजेड येतो तिथून ज्वाळाही येणार. पहिल्या रात्री मला अकरा ठिपके दिसले, सात केबलच्या भोवती, चार खालच्या कोपऱ्यात. मार्करने एकेकाला गोल केला, सीलंटची नवी ट्यूब उघडली. तिसऱ्या रात्री फोन पुन्हा बाकावर उभा केला तेव्हा अण्णा म्हणाले, "काहीच दिसंना झालंय, फोन बंद पडला का काय?"